'नेक्स्ट थर्सडे' म्हणजे नेमका कोणता गुरुवार?

तलावपाळी | ७ नोव्हेंबर, रात्री ९:१०

काल आमच्याकडे जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढते आहे.

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. सोमवारी, ३ तारखेला, दवाखान्यातून फोन आला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "आजींचं नेक्स्ट थर्सडेला घेतोय. सकाळी साडेसातला या आणि तीन दिवस आधीपासून ड्रॉप्स सुरू करा." मी भिंतीवर पाहिलं. आज सोमवार, गुरुवार ६ तारखेला, म्हणजे तीन दिवस आधी म्हणजे आजच. हिशोब इतका चपखल बसला की शंकेला जागाच राहिली नाही. दुपारीच औषधाच्या दुकानातून बाटली आणली आणि पहिला थेंब घातला.

भाऊ रजा टाकून बुधवारी रात्री नाशिकहून आला. नंतर बरेच दिवस डोक्यावरून पाणी घेता येणार नाही म्हणून आईने गुरुवारी पहाटे उठून न्हाऊन घेतलं, देवाला दिवा लावला, कानातल्या कुड्या काढून माझ्या हातात दिल्या. घोडबंदर रोडचा भरवसा नाही म्हणून आम्ही सहालाच निघालो. तिथे वहीत आईचं नावच नाही. "नेक्स्ट थर्सडे सांगितलं होतं ना? हा धिस थर्सडे झाला. तुमचं १३ तारखेला आहे."

मुलगी उद्धट अजिबात नव्हती. तिला मनापासून वाटत होतं की तिने स्पष्ट सांगितलंय. मलाही मनापासून वाटत होतं की मी नीट ऐकलंय. परतताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "आता मनाची तयारी पुन्हा करायला लागणार." ती ७४ वर्षांची आहे. गेले पंधरा दिवस भीती गिळून बसली होती.

तर मला खरंच जाणून घ्यायचंय: सोमवारी कोणी 'नेक्स्ट थर्सडे' म्हणालं तर तुम्ही कोणता गुरुवार धरता? आणि आम्ही दोघी मराठीत बोललो असतो तर हे टळलं असतं का?

कोपरीकर | रात्री ९:२२

१३ तारीख. येणारा तो 'धिस', त्याच्या पुढचा तो 'नेक्स्ट'. आईंना मात्र फार त्रास झाला, वाईट वाटलं.

उपवन | रात्री ९:२५

मी ६ तारीखच धरली असती. नेक्स्ट म्हणजे पुढचा, आणि सोमवारनंतर पुढचा गुरुवार ६ लाच येतो. यात दुसरं काय असणार?

कोपरीकर | रात्री ९:२७

मग 'धिस थर्सडे' कोणता, मागचा?

निवृत्त_मास्तर | रात्री १०:०५

ताई, इंग्रजी शिकवण्यात माझी ३१ वर्षं गेली. तुमचं काही चुकलं नाही आणि त्या मुलीचंही नाही. थोडं सविस्तर सांगतो.

जुन्या इंग्रजीत 'नाय' म्हणजे जवळ. आपण आज ज्याला 'नियर' म्हणतो ते मुळात त्याचं 'अधिक जवळ' असं रूप, आणि 'नेक्स्ट' हे 'सर्वांत जवळ' असं रूप. जर्मनमध्ये आजही 'सर्वांत जवळचा' आणि 'पुढचा' या दोन्हींसाठी 'नेख्स्ट' हा एकच शब्द चालतो. म्हणजे मुळाप्रमाणे गेलं तर नेक्स्ट थर्सडे हा सगळ्यांत जवळचा गुरुवार, ६ तारखेचा. ताईंनी धरला तोच.

पण शब्द मुळाप्रमाणे चालत नाहीत, बोलणाऱ्यांप्रमाणे चालतात. शेजारी 'धिस' येऊन बसला आणि जवळचा गुरुवार त्याने घेतला, मग 'नेक्स्ट' एक घर पुढे सरकला. प्रत्यक्ष इंग्लंडातही यावरून गोंधळ होतो. म्हणून तिथे 'थर्सडे वीक' असं म्हणण्याची रीत आहे, म्हणजे येत्या गुरुवारनंतर आठवड्याने. स्कॉटलंडमध्ये येत्या गुरुवारला 'थर्सडे फर्स्ट' म्हणतात. ज्यांची भाषा आहे त्यांनाच असे टेकू लावावे लागतात, तर आपण का ओशाळायचं?

स्लो_लोकल | रात्री १०:३१

मास्तर, मी रोज ठाणे-वाशी करतो. गाडी ठाण्याहून सुटली की घोषणा होते, "पुढील स्टेशन दिघा गाव, अगला स्टेशन दिघा गाव, नेक्स्ट स्टेशन दिघा गाव." तिन्ही भाषांत एकच. 'धिस स्टेशन दिघा, नेक्स्ट स्टेशन ऐरोली' असं कोणी म्हणत नाही. तसं म्हटलं तर निम्मी गाडी रबाळ्याला उतरेल. म्हणून माझं मत उपवन यांच्या बाजूने.

कोपरीकर | रात्री १०:३८

मध्य रेल्वेवर या, मग सांगा. घाटकोपर सोडल्यावर काही जलद गाड्या थेट ठाण्याला थांबतात. घोषणा होते, "पुढील स्टेशन ठाणे." मधली विक्रोळी, कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड कुठे गेली? ती आहेतच, गाडी त्यांच्यावरूनच जाते. म्हणजे 'पुढील' म्हणताना मधलं सोडून देता येतं. सोडायचं काय, हे गाडीत बसलेल्याला आधी माहीत असावं लागतं. ताईंच्या फोनवर ते माहीत नव्हतं. त्या मुलीची गाडी जलद होती, ताईंची धीमी.

स्लो_लोकल | रात्री १०:४०

हे मात्र पटलं.

पाम_बीच | ८ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करते, सगळे क्लायंट अमेरिकेतले. आमच्याकडे यात आणखी एक पदर आहे: आठवडा सुरू कधी होतो? आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सोमवारी. अमेरिकन कॅलेंडर रविवारपासून. एकदा रविवारी मेसेज आला, "लेट्स डू इट नेक्स्ट वीक." आमची टीम समजली उद्यापासून. त्यांच्या लेखी नवा आठवडा त्याच रविवारी सुरू झाला होता, आणि त्यांना त्याच्या पुढचा हवा होता. आम्ही पाच दिवस जागून काम उरकलं आणि कोणाला त्याची घाईच नव्हती.

तेव्हापासून माझ्या मेलमध्ये 'नेक्स्ट' नाही. 'गुरु, १३ नोव्हें' असंच. महिना अक्षरात लिहायचा, कारण ६/११ हे त्यांना ११ जून वाटतं.

घणसोलीचा_वऱ्हाडी | सकाळी ९:१५

ताईंचा दुसरा प्रश्न कोणी घेतलाच नाही. मराठीत टळलं असतं का? मला वाटतं, निम्मं टळलं असतं.

आपल्याकडे 'येता' आणि 'पुढचा' हे दोन वेगळे शब्द आहेत. माझी आजी 'येत्या बेस्तरवारी' म्हणायची तेव्हा जवळचाच. लांबचा असेल तर 'हा नाही, त्याच्या पुढचा' असं बोट पुढे नेऊन दाखवायची. पण आता 'येत्या' कोण म्हणतं? बातम्यांत आणि लग्नपत्रिकेत उरलाय. बोलताना सगळेच 'पुढच्या गुरुवारी' म्हणतात, आणि तो 'पुढच्या' इंग्रजी 'नेक्स्ट'इतकाच निसरडा आहे.

मराठीतही खड्डे आहेतच. 'परवा' घ्या. मागचाही परवा, पुढचाही परवा. आमच्याकडे 'तेरवा'ही आहे, परवाच्या पलीकडचा, तोही दोन्हीकडे. 'परवा आलो', 'परवा येईन' यात क्रियापद सांभाळून घेतं. पण 'परवाच्या मीटिंगचं काय?' असं विचारलं तर झालेल्या मीटिंगचं की व्हायच्या, हे समोरच्याचा चेहरा बघूनच कळतं. फोनवर तेही नाही.

तलावपाळी | सकाळी ९:४०

'येत्या' खरंच मागे पडलाय हो. आई अजून म्हणते. मी कधी सोडला ते आठवत नाही.

उपवन | सकाळी १०:१२

तेच 'आठ दिवसांनी'चं. आज शनिवार, आठ दिवसांनी या म्हटलं तर आपण पुढच्या शनिवारी जातो, म्हणजे सात दिवसांनी. आणि 'पंधरा दिवसांनी' म्हणजे दोन आठवडे, चौदा दिवस. माझ्या मुलीने चौथीत असताना विचारलं होतं की बाबा हे चूक शिकवताय का. मला उत्तर देता आलं नव्हतं.

निवृत्त_मास्तर | सकाळी ११:००

चूक नाही. आपण आजचा दिवसही मोजतो. शनिवार ते शनिवार, दोन्ही टोकं धरून आठ होतात. फ्रेंच लोकही आठवड्याला 'आठ दिवस' आणि दोन आठवड्यांना 'पंधरा दिवस' म्हणतात, याच कारणाने. इंग्रजांचं 'फोर्टनाइट' मात्र 'चौदा रात्री' या शब्दांचं आकसलेलं रूप. त्यांनी रात्री मोजल्या, आपण दिवस मोजले. मुलीला सांगा, दोन्ही मोजण्या बरोबर आहेत. तिचा प्रश्न फार चांगला होता.

बेलापूर_किल्ला | सकाळी ११:४५

वाचताना वडिलांच्या कचेरीतली पत्रं आठवली. जुन्या इंग्रजी पत्रव्यवहारात तारखेपुढे 'इन्स्टंट', 'अल्टिमो', 'प्रॉक्सिमो' लिहायचे. ५ इन्स्टंट म्हणजे चालू महिन्याची ५, अल्टिमो म्हणजे गेल्या महिन्याची, प्रॉक्सिमो म्हणजे येत्या महिन्याची. वडील टाइप करताना मोठ्याने म्हणायचे ते कानात आहे. मराठी पत्रात 'माहे' यायचा, 'माहे नोव्हेंबर'. दिसायला जडजूड, पण चूक व्हायची नाही, कारण प्रत्येक शब्दाचं काम ठरलेलं होतं.

आजोबांची तर याहून मोठी अडचण. १ जानेवारी १९०६ पासून देशासाठी एक प्रमाणवेळ आली, पण मुंबईने आपली 'बॉम्बे टाइम' सोडली नाही. ती प्रमाणवेळेच्या सुमारे ३९ मिनिटं मागे, आणि १९५५ पर्यंत चालली. म्हणजे 'दहाला भेटू' म्हटलं की कोणते दहा, हेही विचारायचं. आजोबा सांगायचे की रेल्वेचं घड्याळ एक आणि गावचं एक.

खारघरची_सचिव | दुपारी १:२०

सोसायटीची सचिव म्हणून माझा अनुभव. जून महिन्यात आधीच्या समितीने फळ्यावर लिहिलं होतं, 'नेक्स्ट शनिवारी टाकी सफाई, पाणी भरून ठेवणे.' लिहिलं गुरुवारी. काहींनी दोन दिवसांनी बादल्या, पिंपं, कुकरसुद्धा भरून ठेवले. सफाई झाली नाही. रविवारी सगळ्यांनी पाणी ओतलं. सूचना तशीच फळ्यावर. आता जो सोमवारी वाचेल त्याला तो कोणता शनिवार वाटेल? लिहिणाऱ्याचा दिवस आणि वाचणाऱ्याचा दिवस वेगळा, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही. ज्या शनिवारी टाकी धुतली त्या दिवशी चौथ्या मजल्यावरच्या काकांकडे औषध घ्यायला पेलाभर पाणी नव्हतं. मी वरून तांब्या नेऊन दिला आणि पुढच्या निवडणुकीला सचिवपदासाठी उभी राहिले.

'उद्या पाणी येणार नाही' हा व्हॉट्सअॅप फॉरवर्ड तर दर दोन महिन्यांनी फिरतो. कोणाचा उद्या, कधीचा उद्या? रेल्वेच्या मेगाब्लॉकची सूचना बघा, रविवार, तारीख, कुठून कुठे, किती ते किती. तशी एक ओळ लिहायला वेळ लागत नाही.

पाम_बीच | दुपारी १:३४

शंभर टक्के. आणि 'मीटिंग प्रीपोन केली' हा आपला भारतीय शब्द, आता ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे, पण परदेशी लोकांना तो अजून समजावून सांगावा लागतो. ते म्हणतात 'मूव्ह्ड फॉरवर्ड'. त्यावरूनही रामायण.

निवृत्त_मास्तर | दुपारी २:१०

पाम_बीच, त्यावर तर संशोधन झालंय. "नेक्स्ट वेन्सडेची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड सरकवली आहे, आता ती कोणत्या वारी?" असा प्रश्न. काही जण सोमवार सांगतात, काही शुक्रवार. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅमस्कर यांनी २००२ मध्ये छापलेल्या अभ्यासात हाच प्रश्न विमानतळावरच्या आणि रेल्वेतल्या लोकांनाही विचारला. प्रवास करत असलेले, मनाने पुढे निघालेले लोक शुक्रवार जास्त सांगत. स्वतः पुढे चाललोय असं वाटलं की काळातही पुढे जातो, आणि आपण बसलेलो असलो की काळ आपल्याकडे येतो.

मराठी इथे पक्की आहे. 'बैठक दोन दिवस पुढे ढकलली' म्हणजे उशिराच. लवकर घेतली तर 'अलीकडे आणली'. यात दोन अर्थ निघत नाहीत. मला ही जोडी फार आवडते.

कळव्याचे_गुरुजी | सायंकाळी ५:५०

मी पौरोहित्य करतो. दिवसभर लोक मला तारखाच विचारतात, म्हणून लिहितो.

'पुढची एकादशी कधी?' या प्रश्नात आजवर एकदाही घोळ झालेला नाही. 'पुढची संकष्टी' यातही नाही. जी आता येणार तीच पुढची. स्लो_लोकल यांच्या स्टेशनांसारखं. पण 'पुढच्या गुरुवारी सत्यनारायण घाला' म्हटलं की मी दोनदा विचारतो. का? मला कळलंय ते असं: एकादशी कुठल्या चौकटीत बसलेली नाही, एकामागून एक येत राहते. गुरुवार मात्र आठवड्याच्या चौकटीत बसलाय. म्हणून 'पुढचा' म्हटलं की प्रश्न पडतो, पुढचा गुरुवार की पुढच्या आठवड्यातला गुरुवार? सोमवारी बोललात तर ही दोन वेगळी उत्तरं आहेत. शुक्रवारी बोललात तर दोन्ही एकच, आणि भांडण नाही.

वर्षाच्या चौकटीतही तेच. दसऱ्याला कोणी 'पुढच्या दिवाळीला घर घेऊ' म्हणालं तर ती वर्षभराने. हेच चैत्रात म्हणालं तर सहा-सात महिन्यांनी येणारी. जवळ आलेली गोष्ट 'ही' होते, आणि मग 'पुढची' तिच्या पलीकडे जाते. ताईंना फोन सोमवारी आला. गुरुवार इतका जवळ होता की त्या मुलीच्या मनात तो 'हा' झाला होता. ताईंच्या मनात 'ह्या'ला जागाच नव्हती, कारण त्या आईच्या ऑपरेशनची वाटच बघत होत्या. वाट बघणाऱ्याला जवळचाच दिवस दिसतो.

कोपरीकर | सायंकाळी ६:०४

गुरुजी, हे कोणत्याही इंग्रजीच्या मास्तरने सांगितलं नसतं.

निवृत्त_मास्तर | सायंकाळी ६:२०

मी ३१ वर्षांत सांगितलं नाही हे खरं. आभार, गुरुजी.

तलावपाळी | रात्री ८:४५

सगळ्यांचे उत्तर वाचून आईला वाचून दाखवलं. गुरुजींचं दोनदा. ती म्हणाली, "त्या पोरीने संकष्टीनंतरचा गुरुवार म्हटलं असतं तर मी लगेच सांगितलं असतं, हा नव्हे." आज संकष्टी आहे. चंद्रोदयाची वाट बघत खिडकीत बसली आहे.

दवाखान्यातही फोन केला. राग नाही केला, फक्त विचारलं की सगळ्यांनाच तारीख सांगता येईल का. ती मुलगी म्हणाली की या महिन्यात असे आणखी दोघे जण आले होते. ड्रॉप्सचंही विचारून घेतलं. डॉक्टर म्हणाले, आता थांबवा, १० तारखेपासून पुन्हा सुरू करा.

स्लो_लोकल | रात्री ८:५८

१३ ला सकाळी काही मदत लागली तर कळवा. माझी गाडी ८:०४ ची आहे, त्याआधी येऊ शकतो.

तलावपाळी | १३ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

ऑपरेशन झालं. साडेसातला गेलो, वहीत नाव होतं, साडेअकराला घरी. भावाला पुन्हा रजा मिळाली नाही, पण स्लो_लोकल खरंच आले होते, आईचा हात धरून पायऱ्या चढवल्या. त्यांचे किती आभार मानू? आई आता झोपली आहे. उद्या पट्टी काढायची.

खारघरची_सचिव | दुपारी ३:४१

फार बरं वाटलं. पुढच्या तपासणीचं लिहून घेतलंत ना?

तलावपाळी | दुपारी ३:५०

हो. त्या मुलीने स्वतःहून कार्डावर लिहून दिलं: गुरुवार, २० नोव्हेंबर, सकाळी ११. घरी आल्यावर आईने एका डोळ्याने बघत भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखेला गोल केला.